ब्रायटनची साखरकांडी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लंडनपासून सुमारें पन्नास मैलांच्या अंतरावर, ब्रायटन नांवाचें शहर आहे. सुट्टीच्या दिवशीं लंडनकर तेथें समुद्राची हवा खाण्यास जातात आणि परततांना मुलांसाठीं एक साखरेची कांडी घेऊन येतात. ही कांडी वरून गुलाबी आणि आंतून पांढरी असते. तिची मौज अशी, कीं ती कोठेंहि मोडली तरी मोडलेल्या तोंडावर ‘ब्रायटन’ हा शब्द इवल्या रंगीत अक्षरांत स्पष्ट वाचतां येतो. चोखतां चोखतां कांडी नखाएवढी उरली तरी गांवाचें नांव कांहीं पुसत नाहीं.

हीं अक्षरें आंत जातात कशीं, हा प्रश्न बालवाचकांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. म्हणून तेवढें सांगून मग पुढें जाऊं. कारागीर घट्ट होत आलेल्या ऊन पाकाच्या रंगीत व पांढऱ्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून प्रथम मोठालीं अक्षरें रचतो. तीं सर्व एकत्र जुळवून, मधल्या जागा पांढऱ्या पाकानें भरून, सभोंवार गुलाबी पाकाचें वेष्टण चढवितो. असा ओंडक्याएवढा गोळा तयार झाला, कीं तो गरम आहे तोंच लोळवून व ताणून त्याची दोरीसारखी लांब कांडी काढतात. गोळा बारीक होत जातो तसतशीं अक्षरेंहि लहान होत जातात. परंतु त्यांचा क्रम व आकार बिघडत नाहीं. म्हणजे नांव कांडीवर छापलेलें नसतें. तें पहिल्यापासून तिच्या अंगांतच असतें.

इंग्रजींत या मिठाईला ‘रॉक’ म्हणतात. ‘ब्रायटन रॉक’ हें नांव वाचून तो एखादा खडक असावा, असा आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज झाला होता. तो येथें दूर व्हावा. ग्रॅहॅम ग्रीन या इंग्रज लेखकानें १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या रहस्यकादंबरीस हेंच नांव दिलें, आणि १९४७ सालीं तिच्यावरून तयार झालेल्या बोलपटाचेंहि नांव तेंच राहिलें. (अमेरिकेंत मात्र तो ‘यंग स्कारफेस’ अशा भडक नांवानें दाखविण्यांत आला.) या बोलपटाच्या अगदीं अखेरच्या एका मिनिटाविषयीं मला लिहावयाचें आहे. पण तेथवर पोंचण्यास थोडी गोष्ट सांगितली पाहिजे.

ग्रीन (१९०४–१९९१) हें नांव आपणांस अगदींच परकें नाहीं. आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या पुस्तकाचें हस्तलिखित वाचून, तें १९३५ सालीं लंडनमध्यें प्रकाशित व्हावें म्हणून ज्यांनीं खटपट केली ते हेच ग्रीन. स्वामीची शाळाहि मिशनचीच होती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. ग्रीन यांनीं १९२६ सालीं रोमन कॅथॉलिक पंथाचा स्वीकार केला होता. ‘ब्रायटन रॉक’ लिहावयास घेतलें तेव्हां त्यांचा बेत साधी गुन्ह्याच्या तपासाची कथा लिहिण्याचा होता. परंतु त्या बेतापैकीं पहिलीं पन्नासएक पृष्ठेंच काय तीं शिल्लक राहिलीं, असें पुढें त्यांनींच सांगितलें आहे. उरलेल्या पुस्तकांत ‘खुनी कोण’ हा प्रश्नच नाहीं. खुनी आपणांस आरंभापासून ठाऊक असतो. प्रश्न असतो तो, त्याला क्षमा आहे कीं नाहीं, हा.

कथेचीं मुळें त्या काळच्या वास्तवांत होतीं. दोन महायुद्धांमधल्या वर्षांत घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या बुकींकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या इंग्लंडांत माजल्या होत्या. त्यांचें आवडतें हत्यार वस्तरा. १९३६ सालीं ब्रायटनजवळच्या ल्यूइस येथील शर्यतीच्या मैदानावर अशाच एका टोळीनें हल्ला केला व त्याबद्दल अनेकांस तुरुंगवास झाला. दुसरी गोष्ट त्या मानानें निरुपद्रवी. १९२७ पासून ‘वेस्टमिन्स्टर गॅझेट’ हें वृत्तपत्र आपला एक माणूस ‘लॉबी लड’ या टोपणनांवानें समुद्रकांठच्या गांवीं पाठवूं लागलें. हातांत त्या दिवसाचें वृत्तपत्र घेऊन, ठरलेले शब्द उच्चारून जो त्याला गर्दींतून ओळखून काढील त्यास बक्षीस! खपासाठीं वृत्तपत्रें काय काय युक्त्या योजतात, पाहा.

या दोन धाग्यांची ग्रीन यांनीं गांठ मारली. फ्रेड हेल नांवाचा एक वृत्तपत्राचा नोकर ‘कोली किबर’ हें टोपणनांव घेऊन ब्रायटनला येतो. ठिकठिकाणीं बक्षिसाचीं कार्डें ठेवीत त्याला हिंडावयाचें आहे. परंतु त्यानें पूर्वीं एका टोळीच्या नायकाचा घात केलेला असतो, आणि त्या टोळीचा नवा नायक गर्दींत त्याची वाट पाहत असतो. हा नवा नायक सतरा वर्षांचा पोरगा आहे! त्याचें नांव पिंकी. हेलचा खून होतो. पुस्तकांत तो आपणांस दिसत नाहीं. बोलपटांत मात्र समुद्रांत खांबांवर उभारलेल्या धक्क्यावर, जत्रेंतल्या ‘भुतांच्या गाडी’च्या अंधारांत तो घडतो. आजूबाजूला लोक गंमत म्हणून किंचाळत आहेत आणि एक किंकाळी खरी आहे. तिच्याकडे कोणाचेंहि लक्ष जात नाहीं.

खुनानंतरहि कोली किबर जिवंत होता असें भासावें म्हणून पिंकीचा एक साथीदार हेलचें कार्ड एका उपाहारगृहांत टेबलावरच्या कापडाखालीं ठेवून येतो. पण तेथें वाढणाऱ्या रोझ नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलीची नजर तीक्ष्ण आणि स्मरण चांगलें. कार्ड ठेवणारा माणूस वृत्तपत्रांत छापलेल्या चित्रांतला नव्हता, एवढें तिच्या ध्यानांत राहतें. वर्गांत ज्या गुणाबद्दल आम्ही शाबासकी देतों तोच गुण येथें त्या बिचाऱ्या पोरीचा काळ होऊन उभा राहतो.

रोझचें तोंड बंद ठेवण्यासाठीं पिंकी तिच्याशीं गोड बोलतो, तिला फिरावयास नेतो, आणि शेवटीं तिच्याशीं लग्न करतो. कारण काय, तर तेव्हांच्या इंग्लिश कायद्याप्रमाणें पतीविरुद्ध साक्ष देण्यास पत्नीला भाग पाडतां येत नसे. त्याच्या मनांत तिच्याविषयीं तिटकाऱ्यावांचून कांहींच नाहीं. उलट तिला आजवर कोणी विचारलेलें नाहीं, म्हणून या एका मुलानें आपणांस निवडलें याचेंच तिला अप्रूप. पिंकीनें खून केला आहे हें ती जाणते, आणि तरीहि त्याच्या बाजूस उभी राहते.

पिंकीची भूमिका रिचर्ड ॲटनबरो यांनीं केली. वय तेविशीचें, परंतु १९४३ सालीं लंडनच्या रंगभूमीवर हीच भूमिका त्यांनीं वठविली असल्यामुळें ती त्यांच्या अंगीं मुरली होती. हा पिंकी आरडाओरडा करीत नाहीं. तो बोटांत दोरा अडकवून लहान मुलें खेळतात तो खेळ खेळत बसतो, आणि ते खेळणारे हात पाहूनच आपल्या अंगावर कांटा येतो. दिग्दर्शक जॉन बूल्टिंग व निर्माते रॉय बूल्टिंग हे दोघे जुळे भाऊ. पटकथेवर स्वतः ग्रीन यांनीं काम केलें, व नाटककार टेरेन्स रॅटिगन यांचेंहि नांव त्यांच्या जोडीला आहे. पुष्कळसा बोलपट प्रत्यक्ष ब्रायटनच्या रस्त्यांवर घेतला. त्या शहरास बहुधा राग येऊं नये म्हणून आरंभीं एक निवेदन झळकतें, कीं आजचें ब्रायटन आनंदी व निर्मळ आहे; ही कथा महायुद्धापूर्वीच्या, आतां नाहींशा झालेल्या ब्रायटनची आहे. असें निवेदन वाचल्यावर प्रेक्षक अधिकच सावध होऊन बसतो, हा मानवी स्वभाव.

आतां साखरकांडीकडे वळूं. हेलच्या मृत्यूचा छडा लावण्याचा ध्यास घेतलेली एक बाई कथेंत आहे. आयडा तिचें नांव. मोकळी, हंसरी, खाण्यापिण्याची शौकीन. रोझनें पिंकीला सोडावें म्हणून ती तिला परोपरीनें समजाविते. रोझ म्हणते, माणूस बदलतो. आयडा म्हणते, मुळींच नाहीं. माणूस त्या साखरकांडीसारखा असतो, कोठेंहि चावा, आंत तेंच नांव. आयडाला ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ हे दोनच शब्द ठाऊक आहेत, आणि त्यांच्या आधारावर ती एका निरपराध मुलीचे प्राण वांचविते, हें विसरून चालणार नाहीं. तरी पुस्तक वाचतांना ग्रीन यांचा ओढा तिच्याकडे नाहीं, असें पदोपदीं जाणवतें. पिंकी आणि रोझ यांच्या मनांत घोळतात ते शब्द निराळे. ते म्हणजे पाप आणि पुण्य.

आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें शिकतात, म्हणून येथें थोडें उलगडून सांगणें अवश्य आहे. पिंकी व रोझ दोघेंहि जन्मानें रोमन कॅथॉलिक. पिंकी लहानपणीं चर्चमधील गायकवृंदांत गात असे. एके काळीं आपण धर्मगुरु व्हावें असें त्याच्या मनांत होतें. नरक आहे याविषयीं त्याला तिळमात्र शंका नाहीं. स्वर्गाविषयीं मात्र त्याला तितकी खात्री वाटत नाहीं. सरकारी कचेरींत केलेलें लग्न चर्चच्या दृष्टीनें लग्न नव्हे, म्हणून आपण दोघें घोर पापांत आहोंत, हें दोघांसहि कळतें. पिंकीचा हिशेब असा, कीं घोड्यावरून पडणाऱ्या माणसाला जमीन गांठण्यापूर्वींच्या क्षणांतहि पश्चात्ताप करतां येतो. आपणहि शेवटच्या क्षणीं तो करूं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं अभ्यास करूं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची येथें कोणास आठवण झाल्यास माझी हरकत नाहीं.

रोझची श्रद्धा निराळ्या जातीची आहे. पिंकी नरकांत जाणार असेल तर त्याला एकट्याला जाऊं द्यावयाचें नाहीं, असा तिचा निश्चय. हें प्रेम कीं वेडेपणा, याचा निर्णय ग्रीन करीत नाहींत.

लग्नाच्या दिवशीं रोझ हट्ट धरते, कीं धक्क्यावर आवाज मुद्रित करून देणारी खोली आहे, तेथें माझ्यासाठीं एक तबकडी कर. पिंकी आंत जातो. कांचेच्या पलीकडे रोझ हंसत उभी आहे. तिला ऐकूं येत नाहीं. ‘माझें तुझ्यावर प्रेम आहे’ असें आपण म्हणावें हीच तिची इच्छा आहे, येथपासून तो आरंभ करतो, आणि लागलींच तिला सांगतो, कीं आपण तिचा द्वेष करतों. तबकडी तयार होऊन तिच्या हातीं पडते. तिच्याजवळ ग्रामोफोन नाहीं. ती तबकडी जिवापाड जपून ठेवते. पुढें बोलपटांत पिंकीच ती तबकडी नाहींशी करूं पाहतो. पण मध्येंच अडथळा येतो आणि ती पुरती मोडत नाहीं.

शेवटीं पिंकी रोझला, आपण दोघेंहि मरूं, असें सांगून तिच्या हातीं पिस्तूल देतो. त्याला अर्थातच मरावयाचें नसतें. ऐन वेळीं आयडा व पोलीस येतात, आणि पिंकी धक्क्यावरून समुद्रांत पडून मरतो. (पुस्तकांत तो ब्रायटनबाहेरच्या कड्यावरून पडतो.) आपली तयारी होती त्याप्रमाणें पश्चात्तापाचा क्षण त्याला मिळाला कीं नाहीं, हें देवास ठाऊक.

येथून पुस्तक आणि बोलपट यांच्या वाटा वेगळ्या होतात.

पुस्तकांत रोझ एका वृद्ध धर्मगुरूकडे पापनिवेदनासाठीं जाते. मला क्षमा नको, त्याच्याबरोबर मीहि मरावयास हवें होतें, असें ती म्हणते. तो दमेकरी म्हातारा तिला एका फ्रेंच माणसाची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, कीं परमेश्वराच्या दयेचें स्वरूप तुला किंवा मला कळण्यासारखें नाहीं. त्या मुलाचें तुझ्यावर प्रेम असेल तर त्याच्यांत कांहींतरी चांगलें होतें, असा त्याचा अर्थ. आणि मूल होणार असेल, तर त्याला बापासाठीं प्रार्थना करणारा संत कर. रोझला धीर येतो. प्रेम होतें याचा पुरावा आपल्यापाशीं आहे! घरीं तबकडी आहे. ती आतां ऐकावयाची. जूनच्या उन्हांत ती झपझप घराकडे चालूं लागते, आणि पुस्तक तेथें संपतें. तबकडींत काय आहे हें वाचकाला माहीत असतें. इतका निर्दय शेवट मीं दुसऱ्या कोणत्याहि कादंबरींत वाचलेला नाहीं.

बोलपटांत धर्मगुरूच्या जागीं एक सिस्टर आहे, आणि तबकडी आपल्या डोळ्यांदेखत लागते. पिंकीचा आवाज येतो. ‘आय लव्ह यू’ हे शब्द येतात, आणि सुई तेथेंच अडते. पुन्हां तेच शब्द, पुन्हां तेच. रोझचा चेहरा उजळतो. चित्र हळूहळू भिंतीवरच्या क्रुसाकडे सरकतें आणि बोलपट संपतो.

सुई अडते म्हणजे काय, हें आजच्या मुलांना सांगावें लागेल. तबकडीवर बाहेरून आंत जाणारी एकच नागमोडी खांच असते व सुई तिच्यांतून आंत आंत सरकते. खांचेवर आडवा ओरखडा पडला, तर सुई त्यावर आदळून मागच्या वळणांत पडते, आणि तोच एक फेरा पुन्हां वाजूं लागतो. त्या काळच्या तबकड्या मिनिटांत सुमारें ७८ फेरे घेत. तेव्हां एका फेऱ्याला लागणारा वेळ पाऊण सेकंदाहून किंचित अधिक. अडलेली सुई पाऊण सेकंदांत मावेल तेवढेंच बोलणार. इंग्रजीचे ते तीन आंखूड शब्द त्यांत नेमके बसतात. ‘माझें तुझ्यावर प्रेम आहे’ हें आपलें वाक्य त्यांत मोठ्या मुष्किलीनें बसेल. शिवाय इंग्रजींत ‘तुझी इच्छा आहे कीं मीं म्हणावें’ हा भाग आधीं येतो आणि प्रेमाचे शब्द नंतर. मराठींत क्रम बहुधा उलट होतो. हा प्रसंग मराठींत आणावयाचा झाल्यास भाषांतरकाराची मोठीच पंचाईत होईल.

हा गोड शेवट परिनिरीक्षकांच्या व प्रेक्षकांच्या धाकानें जोडला, असा आक्षेप बोलपटावर घेतला जातो. ग्रीन यांनीं पुढें त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यांचें म्हणणें असें होतें, कीं ज्यांना सुखाचा शेवट हवा त्यांना तो मिळाल्यासारखें वाटेल. परंतु थोडा विचार करणाऱ्याच्या लक्षांत येईल, कीं रोझनें एखाद्या दिवशीं सुई बोटानें जराशी पुढें ढकलली कीं पुढचें सर्व तिला ऐकूं येणारच. २०१० सालीं या कथेवर दुसरा चित्रपट निघाला. त्यानेंहि अडलेल्या सुईचाच शेवट ठेवला.

आम्हीं हा बोलपट वरच्या वर्गांतील मुलांना दाखविला, तेव्हां एका पालकांनीं मला विचारलें, ‘खुनाचीं चित्रें मुलांना दाखवून शाळा काय शिकविते?’ प्रश्न रास्त होता. मीं त्यांना दुसऱ्या दिवशींच्या तासाला येऊन बसण्याची विनंति केली व ते आले. त्या तासाला खुनाविषयीं कोणी एक शब्दहि काढला नाहीं. वाद चालला तो तबकडीचा. एका विद्यार्थ्याचें म्हणणें, रोझची ही फसवणूक आहे. ज्याच्यावर ती जन्म ओंवाळून टाकणार त्यानें तिला शिवी दिली होती, हें तिला कळलेंच पाहिजे. त्यावर एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, ‘पण फसवलं कोणी? ओरखडा तर त्यानंच पाडला.’ हा मुद्दा माझ्या ध्यानांत आला नव्हता. पिंकी तबकडी नष्ट करावयास गेला ती दया म्हणून नव्हे. पण त्याच्या हातून घडलेलें एकमेव चांगलें कृत्य तेंच ठरलें, आणि तेंहि त्याच्या नकळत. मग तिसऱ्यानें विचारलें, सिस्टरला तबकडींत काय आहे तें ठाऊक असतें तर तिनें काय करावयाचें होतें? यावर बराच वेळ कोणी बोलेना. शेवटीं ते पालकच म्हणाले, ‘माझी मुलगी असती तर मीं ती फोडली असती.’ ‘आणि तिनें विचारलें असतें तर?’ असें मागच्या बांकावरून कोणीतरी म्हणालें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं.

आयडाच्या साखरकांडीविषयींहि त्या दिवशीं बोलणें झालें. ज्या ॲटनबरोंचा चेहरा या बोलपटानें खुनी पोराचा म्हणून घरोघरीं पोंचविला, त्यांनींच पुढें वीस वर्षें खटपट करून १९८२ सालीं ‘गांधी’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यांत कस्तूरबांची भूमिका पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनीं केली, आणि वेशभूषेबद्दल कोल्हापूरच्या भानु अथय्या यांना ऑस्कर पारितोषिकाचा वांटा मिळाला. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. नट आणि त्यानें घेतलेलें सोंग हीं एक नव्हेत, हें मला कळतें. तेव्हां यावरून आयडा चुकली असें सिद्ध होत नाहीं. तरी वर्गांतल्या मुलांना हा योगायोग फार आवडला, म्हणून येथें नोंदविला.

१९९९ सालीं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें विसाव्या शतकांतील उत्तम शंभर ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, तींत ‘ब्रायटन रॉक’ पंधराव्या क्रमांकावर आहे. पुस्तकाची एक प्रत आपल्या शाळेच्या ग्रंथालयांत आहे. इंग्रजी कठीण नाहीं, पण प्रकरणें दाट आहेत. दहावीखालील मुलांना तें देऊं नये असें मीं सांगून ठेवलें आहे. पालकांना स्वतःसाठीं हवें असल्यास तें मुलाच्या नांवावर नेतां येईल. शेवटचीं चार पृष्ठें कोणी पेन्सिलीनें अधोरेखित केलीं आहेत. वाचतांना त्या रेघांकडे लक्ष देऊं नये.